बेळगावकडच्या घरांत रेडॉन: पायाखालचा खडक आणि वरची फरशी

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे निवृत्त शिक्षक, मूळचे निपाणीचे. निपाणीत वडिलोपार्जित घर आहे. बेळगावात अनगोळला स्वतःचं दोन मजली घर, खाली तळघर, आणि त्या तळघरात आता नातवंडांची अभ्यासाची खोली. पत्नीचं माहेर बैलहोंगलकडं. तिथल्या शेतात नवं घर बांधायचं ठरतंय, बोअर आधीच मारून झालीय. मुलगा कॅनडात. त्यानं तिकडं घर घेताना रेडॉनची, म्हणजे जमिनीतून घरात शिरणाऱ्या किरणोत्सारी वायूची, तपासणी करून घेतली आणि तेव्हापासून फोनवर एकच धोशा लावलाय: "बाबा, तुम्ही पण मोजून घ्या, आपल्याकडं तर सगळा ग्रॅनाइटच आहे." सरांना दोन गोष्टी कळून घ्यायच्या आहेत. हे खरोखर काही आहे की परदेशातलं खूळ? आणि असेलच, तर तीनपैकी काळजी कुठल्या घराची करायची?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. निपाणीच्या घरासाठी झोप उडवून घेऊ नका. अनगोळचं तळघर मोजून घ्या, वरचे मजले तूर्त राहू द्यात. बैलहोंगलकडच्या घराचा पाया भरायच्या आधी दोन-तीन कामं करून घ्या. आज ती किरकोळ खर्चात होतील, फरशी बसल्यावर तीच अवघड होतात. आणि मुलाला सांगा, "सगळा ग्रॅनाइट" हे तुमच्या तीनपैकी दोन घरांना लागूच होत नाही.

आता कारणं. जगातल्या कुठल्याही मातीत, कुठल्याही दगडात थोडंफार युरेनियम असतं. त्याचा अतिशय सावकाश क्षय होत होत मधल्या टप्प्यावर रेडियम तयार होतं आणि रेडियमपासून रेडॉन. या साखळीतले आधीचे-नंतरचे सगळे घन पदार्थ, जिथल्या तिथं बसून राहणारे. रेडॉन तेवढा वायू. त्याला रंग नाही, वास नाही, तो कशाशी रासायनिक संयोगही करत नाही, त्यामुळं मातीच्या फटींतून वर सरकत येतो. मात्र त्याच्याकडं वेळ थोडा असतो. त्याचं अर्धायुष्य ३.८ दिवसांचं, म्हणजे तेवढ्या वेळात तो निम्माच उरतो. कोरड्या, मोकळ्या मातीत नुसता आपोआप पसरत तो तेवढ्या वेळात मीटर-दीड मीटर सरकतो, भेगा असल्या किंवा हवेचा ओढा असला तर जास्त. म्हणजे शंभर मीटर खोल काय आहे यापेक्षा जोत्याखालच्या वरच्या काही मीटरांत काय आहे, हे घराच्या दृष्टीनं महत्त्वाचं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं देशनूरचं नाव येईल तेव्हा लागेल.

त्रास खरं तर रेडॉनपेक्षा त्याच्या पिलावळीचा. श्वासातून आत गेलेला रेडॉन बहुतेक तसाच बाहेर पडतो. पण हवेत त्याचा क्षय होऊन जे पोलोनियमचे अणू तयार होतात ते धुळीच्या, धुराच्या कणांना चिकटतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात. तिथं ते अल्फा किरण सोडतात. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं रेडॉनला १९८८ मध्येच निःसंशय कर्करोगकारक ठरवलं. तेव्हा खूळ नाही. पण खूळ नाही म्हणजे लगेच संकट आहे असंही नाही, सगळा प्रश्न आकड्याचा आहे.

रेडॉन मोजतात बेकरेल प्रति घनमीटर या एककात. पुढं मी नुसतं बेकरेल म्हणेन. उघड्यावरच्या हवेत साधारण १० असतो. जगभरातल्या घरांची सरासरी ४० च्या आसपास धरतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, घरात वर्षाची सरासरी १०० च्या आत ठेवा, ते शक्य नसेल तर निदान ३०० ओलांडू देऊ नका. अमेरिकेत १४८ ला उपाय करा म्हणतात, कॅनडात २०० ला. तुमचा मुलगा हाच २०० चा आकडा डोक्यात घेऊन बसलेला असणार.

पण कॅनडाचं गणित आपल्याकडं जसंच्या तसं चालत नाही, आणि त्याला खडकाआधी हवामान कारण आहे. तिकडं बाहेर बर्फ, आत हीटर, दारं-खिडक्या सहा-सहा महिने घट्ट बंद. आतली गरम हवा वर चढून छपराकडून निसटते आणि तिची जागा भरायला घर तळघरातून जमिनीतली हवा शोषून घेतं. आपल्याकडं हा ओढा फारसा नसतो आणि निम्मं वर्ष खिडक्या उघड्या असतात. म्हणून एकाच प्रकारच्या खडकावर टोरांटोकडच्या घरात जो आकडा येईल तो बेळगावात येईलच असं नाही, बहुधा कमी येईल. जुलै-ऑगस्ट मात्र वेगळे. त्या वाऱ्या-पावसात बेळगाव-खानापूरकडं कोण खिडकी उघडी ठेवतंय?

आता खडकाकडं येऊ. आपला जिल्हा भूशास्त्राच्या माणसाला मोठा मजेचा आहे. नकाशावर निपाणीवर बोट ठेवून आग्नेयेला रामदुर्ग-सौंदत्तीकडं सरकवत न्या. दीडशे किलोमीटरही होत नाहीत, पण बोटाखालून कोट्यवधी वर्षांपूर्वीपासून अब्जावधी वर्षांपूर्वीपर्यंतचे खडक जातात. निपाणी, चिकोडी, हुक्केरी, रायबाग, अथणी हा सगळा दख्खनच्या काळ्या बेसाल्टचा मुलूख, ज्याला आम्ही ट्रॅप म्हणतो. कोल्हापूर-साताऱ्याचाच खडक इथवर उतरलाय. या बेसाल्टमध्ये युरेनियम फार कमी असतं, टनाला एक ग्रॅमच्याही आत. पृथ्वीच्या कवचाची सरासरी टनाला तीन ग्रॅमच्या जवळ जाते आणि ग्रॅनाइटात तीन ते पाच ग्रॅम सहज सापडतं. मूळ मालच कमी, तर रेडॉन येणार कुठून? त्यावरची काळी माती ओली असताना फुगून फटी बुजवते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वाट मोकळी होते, हे खरं. पण मोकळ्या वाटेनंही थोडकाच माल येतो. निपाणीबद्दल मी निश्चिंत आहे तो यामुळं. विहीर खणताना काळा पाषाण लागो की मांजऱ्या (मऊसर बेसाल्ट), फरक पडतो तो पाण्यात, रेडॉनमध्ये फारसा नाही.

बेळगाव शहर ट्रॅपवरच आहे, पण त्याच्या डोक्यावर ठिकठिकाणी जांभ्याची टोपी आहे. शहरात, खानापूरकडं आणि पलीकडं चंदगडात निम्म्या जुन्या भिंती त्याच चिऱ्याच्या. जांभा म्हणजे पावसानं लाखो वर्षं धुऊन काढलेला खडक. विरघळणारं सगळं वाहून गेलं, लोह आणि ॲल्युमिनियम मागं राहिलं. युरेनियमसारखंच किरणोत्सारी असलेलं थोरियमसुद्धा मागं राहतं, कारण ते पाण्यात सहसा विरघळत नाही. ताजा कापलेला चिरा हातात घेऊन उन्हाकडं धरा. आत वेड्यावाकड्या नळ्या, पोकळ्या, कुठं पिवळी माती भरलेली, कुठं आरपार. ओतलेलं पाणी एका अंगानं आत जातं आणि दुसऱ्या अंगानं पाझरतं. बिदरला याच जांभ्यात जमिनीखालून पाण्याचे बोगदे खोदलेत, त्यांना सुरंग बावी म्हणतात. पाणी जिथून एवढं फिरतं तिथून वायूही फिरणारच. म्हणजे जांभ्यात माल मध्यम, पण वाट रुंद. त्यावर जमिनीत खोल उतरलेलं तळघर असेल तर मोजून बघावं, एवढीच माझी शिफारस. भीती दाखवत नाही.

थोरियमवरून एक आडवळण घेतो, कारण मोजताना घोटाळा तिथं होतो. थोरियमच्या साखळीतही रेडॉनचाच एक भाऊ तयार होतो, थोरॉन. त्याचं अर्धायुष्य जेमतेम ५६ सेकंद. जमिनीतून फरशी पार करून यायला त्याला वेळच मिळत नाही, तो येतो भिंतीच्या पृष्ठभागातून आणि भिंतीपासून हातभर अंतरावर जवळजवळ संपतो. गिलावा न केलेल्या चिऱ्याच्या भिंतीला टेकवून यंत्र ठेवलं तर काही यंत्रं थोरॉनलाच रेडॉन समजून आकडा फुगवतात. जुन्या वाड्यांत कोनाड्यात यंत्र ठेवून मोठा आकडा काढणारे आणि मग घाबरणारे लोक मी पाहिलेत. यंत्र मोकळ्या जागी, भिंतीपासून हातभर दूर, झोपताना नाक असतं साधारण त्या उंचीवर ठेवा.

ट्रॅप जिथं संपतो तिथून गोष्ट बदलते. बेळगावच्या दक्षिणेला आणि पूर्वेला, खानापूर-लोंढा, कित्तूर, बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाक, रामदुर्ग या पट्ट्यात बेसाल्टची चादर विरत जाते आणि तिच्याखालचे जुने खडक उघडे पडतात. लोंढ्याकडं धारवाडी शिस्ट, फायलाइट, म्हणजे पापुद्र्यापापुद्र्यांचे जुने खडक. कुठं ग्रॅनाइटी नाइस, म्हणजे उष्णतेनं-दाबानं बदललेला, ग्रॅनाइटासारखाच पण पट्टेदार खडक. आणि या जुन्या तळावर कलादगी खोऱ्यातले, फार पूर्वी गाळ साचून झालेले थर: क्वार्टझाइट (वाळूखडकच, पण घट्ट झालेला), वाळूखडक, शेल, चुनखडी. गोकाकचा धबधबा बघायला गेलात तर पाण्याकडं बघून झाल्यावर कड्याकडंही बघा. घटप्रभा जिथून ५२ मीटर खाली कोसळते तो सगळा कडा आडव्या थरांचा आहे, पुस्तकांची चळत रचून ठेवावी तसा. ट्रॅपचं वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास, हे थर त्याच्याहून कितीतरी जुने, आणि ते ज्या नाइसवर बसलेत तो त्याहून जुना.

क्वार्टझाइट स्वतः बहुधा स्वच्छ असतो, त्यात युरेनियम थोडंच. गडबड असते ती सांध्यावर. जुना झिजलेला तळ आणि त्यावर साचलेला पहिला वाळूचा थर यांच्या सीमेवरून कधीकाळी पाणी खेळलेलं असतं, त्या पाण्यानं युरेनियम वाहून आणून अनुकूल जागी टाकलेलं असतं. जगातले काही मोठे युरेनियमचे साठे अशाच सांध्यांवर आहेत. आपल्याकडं अणुऊर्जा खात्याच्या अणुखनिज संचालनालयाला कलादगी-बदामी खोऱ्यात असं युरेनियम सापडलंय ते बेळगाव जिल्ह्यातल्या देशनूरला. देशनूर कुठल्या बाजूला आहे हे सरांना सांगायला नको, पत्नीच्या माहेरचाच तो मुलूख.

इथं दोन टोकाच्या प्रतिक्रिया येतात, दोन्ही चुकीच्या. एक: "म्हणजे आमच्या गावाखाली युरेनियम, घर विका." दुसरी: "आजोबा-पणजोबा इथंच नव्वदीपर्यंत जगले, काही होत नाही." पहिल्याला उत्तर वरच देऊन ठेवलंय. खनिज खोल दगडात असेल आणि वर पुरेसं आच्छादन असेल, तर ३.८ दिवसांच्या आयुष्यात तो वायू तुमच्या माजघरापर्यंत पोचत नाही. दुसऱ्याला उत्तर असं की आजोबा ज्या घरात राहत होते ते घर आता राहिलेलं नाही. त्यावर पुढं येतो. या पट्ट्यात खडक एका शेतातून दुसऱ्या शेतात बदलतो, कुठं भेगांचा पट्टा असतो, कुठं नाइसमध्ये ग्रॅनाइटची शीर घुसलेली असते. म्हणून तालुक्याच्या नकाशावरून एका घराचा आकडा सांगता येत नाही. नकाशा एवढंच सांगतो की इथं मोजणं फुकट जाणार नाही.

यावर अमेरिकेतला एक प्रसंग नेहमी सांगितला जातो आणि तो खरा आहे. १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियात लिमरिक इथं अणुवीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं. स्टॅन्ली वॉट्रस नावाचा तिथला अभियंता दारातून जाताना किरणोत्साराचा भोंगा वाजायचा. शोध घेतल्यावर कळलं की किरणोत्सार तो केंद्रातून घरी नेत नव्हता, घरातून केंद्रात आणत होता. त्याच्या घरात रेडॉन एक लाख बेकरेलच्या घरात निघाला. घर रेडिंग प्राँग नावाच्या, युरेनियमयुक्त जुन्या खडकाच्या पट्ट्यावर होतं. पण त्याच पट्ट्यावरच्या सगळ्या घरांत तसा आकडा नव्हता. कारवारकडचे लोक मला तिथल्या कैगा अणुवीजकेंद्राबद्दल विचारतात, त्यांनाही हेच सांगतो: घरातल्या रेडॉनचा अणुवीजकेंद्राशी काही संबंध नाही. तिकडं पाहायचंच असेल तर घराखालच्या नाइसकडं पाहा.

आता एक गोष्ट, जी नकाशावर कधीच दिसत नाही: मुरूम. आपल्याकडं पावसामुळं जोतं उंच घेतात, दोन फूट, तीन फूट, उतारावर चार फूटसुद्धा. ते भरायला टिप्परनं मुरूम येतो. तो कुठून येतो हे घरमालकाला बहुतेक वेळा ठाऊक नसतं, जिथली खाण जवळ आणि स्वस्त तिथून. म्हणजे फरशीला चिकटून जो दगड आहे, ज्यातून रेडॉनला सगळ्यात सोपी वाट आहे, तो तुमच्या गावचा नसूही शकतो. ट्रॅपवरच्या घरात झिजलेल्या नाइसचा मुरूम भरला तर पायाखालचा भूगोलच बदलला. उलटही होतं, नाइसवरच्या घरात बेसाल्टचा मुरूम आला तर बरंच. तुमच्या नव्या घराला भराव टाकताना ठेकेदाराला खाण विचारा. काळसर-तपकिरी, बेसाल्ट कुजून झालेला मुरूम मिळत असेल तर तोच घ्या. गुलाबी-पांढरट, अभ्रकाच्या चकत्या चमकणारा असेल तर तो नाइस-ग्रॅनाइटचा.

आजोबांच्या घराचं सांगतो. खाली सारवलेली जमीन, वर मंगलोरी कौलं, सोप्याला दार नाही, भिंत आणि छपर यांच्यामधून हवा खेळती, स्वयंपाकघरात धुराडं. अशा घरात जमिनीतून रेडॉन सहज येत होता आणि तितक्याच सहज कौलांतून निघून जात होता. आता काय झालं? कौलं उतरवून स्लॅब आला. लाकडी खिडक्या जाऊन ॲल्युमिनियमच्या सरकत्या आल्या, काच बसली की हवा बंद. बेडरूमला स्प्लिट एसी, जो आतलीच हवा फिरवतो, बाहेरची एक थेंबही घेत नाही. बाहेर जायच्या वाटा बुजल्या. आत यायच्या बुजल्या का? नव्या फरशीनं बऱ्याच बुजवल्या, सगळ्या नाही. भिंत आणि फरशीच्या सांध्यात केसाएवढी भेग राहते. न्हाणीच्या पाइपाभोवती सिमेंट नीट भरलेलं नसतं. वाळवीचं औषध घालायला भिंतीच्या कडेकडेनं जी भोकं मारतात ती कित्येकदा नुसती वरवर लिंपून सोडतात, खाली भोक थेट मुरमात उघडं. सगळ्यात वाईट मेळ म्हणजे खालची जुनी जमीन तशीच ठेवून वरचं घर हवाबंद करणं, आणि डागडुजी करताना आपल्याकडं नेमकं तेच होतं.

अनगोळच्या तळघरात शनिवारी दुपारी एक साधा प्रयोग करून बघा. दारं-खिडक्या लावा, एक्झॉस्ट पंखा चालू करा आणि उदबत्ती पेटवून भिंतीच्या बुडाशी, जिथं नळाचा किंवा वायरचा पाइप फरशीत शिरतो तिथं धरा. फट जमिनीपर्यंत पोचत असेल तर सरळ चढणारा धूर खोलीच्या बाजूला कलतो, फटीतून कुणी हलकी फुंकर घालावी तसा. ती फुंकर म्हणजे जमिनीतली हवा. मातीच्या कणांमधल्या हवेत रेडॉन हजारांत असतो, काही ठिकाणी दहा-दहा हजारांत, त्यामुळं एवढीशी फटही मोजण्यासारखी. यातून आणखी एक कळेल: तळघरात नुसता एक्झॉस्ट बसवला आणि बाहेरची हवा आत यायला झरोका ठेवला नाही तर पंखा जमिनीतूनच हवा ओढतो. आधी झरोका, मग पंखा. शक्य असेल तर पंखा उलटा बसवून बाहेरची हवा आत ढकला.

ग्रॅनाइटच्या ओट्याबद्दल सगळेच विचारतात म्हणून दोन वाक्यं. इळकलचा लाल ग्रॅनाइट असो की काळा, दोन सेंटीमीटर जाडीच्या पॉलिश केलेल्या पट्टीतून हवेत येणारा रेडॉन घराखालच्या जमिनीच्या मानानं नगण्य असतो. ओटा तोडू नका.

पाण्याचं प्रकरण मात्र नाइसच्या भागात खरं आहे. भूजल दगडाच्या भेगांतून फिरतं आणि रेडॉन विरघळवून घेतं. बंगळुरू-कोलारकडच्या ग्रॅनाइटी भागातल्या बोअरमध्ये तो चांगलाच सापडतो. बेळगाव शहराचं नळाचं पाणी राकसकोप आणि हिडकलचं, म्हणजे धरणाचं. उघड्या पाण्यातून रेडॉन हवेत निघून गेलेला असतो, तेव्हा अनगोळला पाण्याची काळजीच नको. बैलहोंगलची बोअर तपासून घ्या. भीती पिण्यापेक्षा आंघोळीची, कारण गरम पाणी अंगावर घेताना तो बाथरूमच्या हवेत उतरतो. ढोबळ हिशेब असा: पाण्यात जेवढा असेल त्याचा दहाहजारावा भाग घराच्या हवेत भर घालतो. लिटरला १०० बेकरेल असलेलं पाणी म्हणजे घनमीटरला एक लाख, त्याचा दहाहजारावा भाग १०. म्हणजे पाण्यातून हवेला धोकादायक आकडा यायचा तर पाणी खूपच भरलेलं हवं. उपायही सोपा. बोअरचं पाणी टाकीत वरून शॉवरसारखं फवारत सोडा आणि टाकीचं झाकण हवा जाईल असं ठेवा, बराचसा रेडॉन तिथंच उडतो. तपासणी करतच आहात तर त्याच बाटलीत युरेनियमही बघायला सांगा. ते फवारून उडत नाही. लिटरला ३० मायक्रोग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची मर्यादा आहे.

मोजायचं कसं? दोन वाटा. एक, फिल्म. लालसर रंगाचा एलआर-११५ नावाचा छोटा तुकडा एका डबीत बसवून खोलीत तीन महिने टांगून ठेवायचा. रेडॉनचे अल्फा कण त्यावर आदळतात, डोळ्याला काही दिसत नाही. मग प्रयोगशाळेत ती फिल्म ६० अंशांच्या कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात दीड तास बुडवून ठेवली की जिथं जिथं कण घुसला होता तिथं भोक पडतं. सूक्ष्मदर्शकाखाली लाल पटावर पांढरे ठिपके. ते मोजायचे. भाभा अणुसंशोधन केंद्रानं घडवलेल्या डब्यांत रेडॉन आणि थोरॉन वेगळे मोजण्याची सोय असते, चिऱ्याच्या घराला हीच बरी. मंगळूर विद्यापीठात पर्यावरणातल्या किरणोत्साराचं संशोधन केंद्र आहे, अशा ठिकाणी चौकशी करा. दुसरी वाट, बॅटरीवरचं इलेक्ट्रॉनिक यंत्र, जे मुलगा येताना आणू शकेल. त्याचा एकच दोष: ते दर तासाला आकडा दाखवतं आणि माणूस दर तासाला बघत बसतो. पहाटे आकडा चढतो, दुपारी उतरतो, पावसाच्या रात्री उडी मारतो. हे सगळं नेहमीचं आहे. तीन महिन्यांच्या आतली सरासरी मनावर घेऊ नका आणि वर्षाची सरासरी हाती आल्याशिवाय पैसे खर्च करू नका. आपल्याकडं हिवाळ्यात, खिडक्या बंद असताना आकडा बहुधा सगळ्यात वर असतो, उन्हाळ्यात सगळ्यात खाली. नुसत्या एप्रिल-मेमध्ये मोजून "काही नाही" म्हणणं म्हणजे स्वतःची समजूत घालणं.

बैलहोंगलच्या घरासाठी कामं अशी. मुरूम ठोकून झाला की त्यावर चार इंच खडीचा थर द्या, मोकळ्या खडीचा, ज्यातून हवा फिरेल. खडीत चार इंची पीव्हीसी पाइपाचं एक टोक पुरा आणि पाइप भिंतीच्या कडेनं थेट गच्चीच्या वर नेऊन सोडा, वर जाळी बसवा. खडीवर २५० मायक्रॉन जाडीचा प्लॅस्टिकचा कागद अंथरा, जोडांना हातभर आच्छादन द्या, कडा भिंतीवर चढवा, मग कोबा आणि फरशी. गवंडी कुरकुर करेल, कागदावर घमेलं ओढून भोकं पाडेल, त्या दिवशी तुम्ही स्वतः तिथं उभे राहा. पाइप नुसता उघडा असला तरी काही काम करतो. पुढं आकडा जास्त आला तर त्यातच एक छोटा पंखा बसवला की फरशीखालची हवा वरच्या वर निघून जाते. जगभर हीच पद्धत सगळ्यात भरवशाची मानतात. पाइपाशिवाय बांधून झालेल्या घरात हेच करायला फरशी फोडावी लागते.

आकडा आल्यावर काय? १०० च्या आत असेल तर विषय सोडून द्या. १०० ते ३०० च्या मधे असेल तर फटी बुजवा, झरोके उघडा, झोपायची खोली वरच्या मजल्यावर न्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोजा. ३०० च्या वर असेल तर पंखा बसवाच.

आणि निपाणीच्या घराबद्दल एक राहिलं. २००५ मध्ये युरोपातल्या १३ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात असं निघालं की दर १०० बेकरेलमागं फुप्फुसाच्या कर्करोगाची शक्यता साधारण १६ टक्क्यांनी वाढते. हे १६ टक्के कशाचे, ते महत्त्वाचं. जन्मभर धूम्रपान न केलेल्या माणसाला वयाच्या ७५ पर्यंत हा रोग होण्याची शक्यता रेडॉन शून्य असताना ०.४ टक्के, ४०० बेकरेलला ०.७ टक्के. सिगारेट ओढणाऱ्याची शून्याला १० टक्के, ४०० ला १६ टक्के. सरांनी पत्रात सहज लिहिलंय की निपाणीच्या घरी राहणारे धाकटे बंधू तंबाखूच्या व्यापारात आहेत आणि दिवसाला दोन बंडल बिड्या ओढतात. त्या घरात रेडॉन मोजायला येणारा खर्च वाचवा, आणि भावाला डॉक्टरांकडं घेऊन जा.